केमो लागू पडेल का, याआधी केमो सोसेल का ते तपासा

प्रति,
आतड्याच्या कर्करोगावर केमोथेरपी देणारे महाराष्ट्रातील सर्व डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त लॅब टेक्नॉलॉजिस्ट आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मिरजेत बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर गेली. आता घरी असले तरी गल्लीतली, नात्यातली, जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीची माणसं फायली घेऊन येतात. “ताई, एवढा रिपोर्ट बघा.” उपचार सांगणं माझं काम नाही आणि मी ते सांगतही नाही. पण रिपोर्टावरचा आकडा कुठून येतो, कशानं फुगतो आणि त्यावर किती भार टाकावा, एवढं मला कळतं. हल्ली या फायलींबरोबर एक प्रश्न नेमानं येतो: “रक्त तपासून केमो लागू पडेल की नाही ते आधीच कळतं म्हणे. करून घेऊ का?” सोबत कुठल्यातरी लॅबचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं, आणि तपासणीचा दर असा की घरातलं सोनं मोडायची वेळ यावी.

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. केमो लागू पडेल का, हा एक. केमो सोसेल का, हा दुसरा. पहिल्याचं खात्रीचं उत्तर रक्ताकडे आज नाही. दुसऱ्याचं, निदान दोन औषधांपुरतं, बऱ्यापैकी आहे. तरीही जाहिरात होते ती पहिल्याची, आणि मी पाहिलेल्या फायलींमध्ये दुसऱ्याचा कागद जवळपास कधीच नसतो. म्हणून हे पत्र.

रुग्णाला पहिला प्रश्न का छळतो, हे मला नीट समजतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोझॅक चाचणीत ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या २,२४६ रुग्णांना घेतलं होतं. फाइव्ह-एफयू या केमोच्या जुन्या औषधाच्या जोडीला ऑक्झॅलीप्लॅटिन हे दुसरं औषध दिलं, तेव्हा तीन वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण ७२.९ टक्क्यांवरून ७८.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शंभरजणांनी ऑक्झॅलीप्लॅटिन घेतलं, त्यातल्या पाचेकजणांचं त्यानं भलं झालं, आणि हातापायाच्या मुंग्या मात्र शंभरांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला आल्या. नंतर तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे उपचार ताडून पाहणारी मोठी आंतरराष्ट्रीय तुलना झाली. त्यात सहा महिने फोलफॉक्स, म्हणजे याच दोन औषधांची जोडी, घेणाऱ्यांपैकी ४७.७ टक्के लोकांना बधिरपणाचा ठळक त्रास झाला, तीन महिन्यांवर थांबलेल्यांपैकी १६.६ टक्के लोकांना. शर्टाचं बटण लावता न येणारा शिंपी किंवा गार पाण्यात हात घालू न शकणारी धुणेवाली बाई मी पाहिली आहे. ते पाचजण कोण, हे आधी कळलं असतं तर बाकीच्यांची बोटं वाचली असती. तपासणीची हाव गैर नाही.

पण आज हाताशी काय आहे? सर्वांत जुना सीईए, म्हणजे अशा गाठींमधून रक्तात सुटणारं एक प्रथिन. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी तो १९६५ साली मॉन्ट्रिऑलमध्ये शोधला, आणि साठ वर्षांनंतरही तुमच्या प्रत्येक फायलीत तो असतो. ऑपरेशननंतर रोग परततोय का यावर नजर ठेवायला, पसरलेल्या रोगात केमो चालू असताना कल बघायला तो कामाचा आहे. केमो सुरू करण्याआधीचा सीईए मात्र केमो लागू पडेल का ते सांगत नाही. काही गाठी सीईए सोडतच नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा तो मुळातच थोडा चढा असतो, यकृताच्या आजारातही चढतो. एका लॅबच्या किटवरचा आकडा दुसऱ्या लॅबच्या किटशी जुळेलच असं नाही. मग मिरजेत ६ आणि पुण्यात ९ आला की घरात रडारड होते, आणि गाठ जागच्या जागी असते. शिवाय ऑक्झॅलीप्लॅटिनवर पहिल्या चार-सहा आठवड्यांत काहीजणांचा सीईए उलट उसळतो आणि मग उतरतो. तुम्हाला हे पाठ आहे. रुग्णाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि रिपोर्ट आता तुमच्याआधी त्याच्या व्हॉट्सअॅपवर पोचतो.

साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर काढायची टूमही आहे. सीआरपी आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनांचीही तशीच. हे आकडे बिघडलेले असले की एकूण प्रकृतीची वाटचाल बरी नसते, एवढं पुष्कळ अभ्यासांतून दिसलं आहे. पण पाऊस कमी होणार हे कळलं म्हणून कुठलं खत घालावं हे कळत नाही. रोग कसा वागेल हे सांगणारी खूण आणि अमुक औषधानं त्यात फरक पडेल का हे सांगणारी खूण, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. माहितीपत्रकं पहिली दाखवून दुसरी विकतात.

दुसऱ्या जातीची खूण सिद्ध करायची तर काय लागतं, याचा नमुना याच रोगात आहे. सेटुक्सिमॅब या औषधाची चाचणी झाली तेव्हा एका गटाला औषध दिलं आणि दुसऱ्याला फक्त आधाराचे उपचार. २००८ साली त्याच रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठींमध्ये केरास जनुक तपासलं. जनुक शाबूत असलेल्यांचं मध्यम आयुर्मान औषधाशिवाय ४.८ महिने होतं, औषधानं ९.५ झालं. जनुक बदललेल्यांचं ४.६ आणि ४.५, म्हणजे औषध दिलं काय, न दिलं काय. खूण असलेले आणि नसलेले, औषध मिळालेले आणि न मिळालेले, असे चारही कप्पे समोर होते म्हणून निकाल पक्का लागला. फाइव्ह-एफयू, ऑक्झॅलीप्लॅटिन किंवा इरिनोटेकॅन या केमोच्या औषधांसाठी रक्तातली अशी एकही खूण या कसोटीला अजून उतरलेली नाही. गाठीतली टोपोआयसोमरेज-१ ही खूण एका चाचणीत आशादायक दिसली आणि पुढच्या चाचणीत टिकली नाही, हा इतिहास तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता सीटीडीएनए, म्हणजे गाठीतून सुटून रक्तात फिरणारे डीएनएचे तुकडे. माहितीपत्रकांचा सगळा झगमगाट त्यावर आहे, आणि खरं सांगू, विज्ञान म्हणून मलाही त्याचं अप्रूप आहे. हे तुकडे रक्तात दोन तासांच्या आत निम्मे होतात, त्यामुळे आजच्या रक्तात दिसतो तो आजचाच रोग. सीईएला उतरायला दिवस लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीनं २०२२ साली दाखवलं की दुसऱ्या टप्प्यातल्या ४५५ रुग्णांमध्ये ऑपरेशननंतरच्या चौथ्या आणि सातव्या आठवड्यातल्या रक्तावरून केमो द्यायची की नाही ते ठरवलं, तर केमो मिळणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येतं आणि दोन वर्षांनी रोग न परतलेल्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं: ९३.५ आणि ९२.४ टक्के. सुंदर काम आहे. पण नीट बघा, त्या तपासणीनं रोग उरलाय का एवढं सांगितलं. उरलेला रोग केमोला दबेल का, हे सांगितलं नाही.

तिथून पुढची वाट खडबडीत आहे. जपानच्या गॅलक्सी अभ्यासात हजारावर रुग्ण होते. ऑपरेशननंतर सीटीडीएनए सापडलेल्यांपैकी ज्यांनी केमो घेतली त्यांचं बरं चाललं, पण कोणाला केमो द्यायची हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या कोब्रा चाचणीत ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सीटीडीएनए सापडलेल्या ज्या मोजक्या रुग्णांचा हिशेब झाला, त्यात नुसत्या देखरेखीवरच्या ७ पैकी ३ जणांचं रक्त सहा महिन्यांनी स्वच्छ झालं होतं, केमो घेतलेल्या ९ पैकी फक्त एकाचं. चाचणी तिथेच थांबवली. सातापैकी तिघांचं रक्त काही न करता स्वच्छ होत असेल, तर त्या पहिल्या ‘पॉझिटिव्ह’वरच शंका घ्यावी लागते. ज्यानं लॅबमध्ये काम केलंय त्याला हे वाचून धक्का बसणार नाही. मग तिसऱ्या टप्प्याची डायनॅमिक-३ आली, २०२५ साली. सीटीडीएनए सापडला म्हणून ज्यांची केमो वाढवली, त्यांना वाढीव औषधाचा फायदा दिसला नाही. नाही सापडला म्हणून ज्यांची कमी केली, त्यांचे निकाल बरे होते, पण ‘कमी केलं तरी तेवढंच’ हे ठरवलेल्या निकषावर सिद्ध झालं नाही.

हे सगळं जाणून तुम्ही एखाद्या दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णाला ही तपासणी सुचवलीत, तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या ओपीडीच्या बाहेरच्या टेबलावर ‘केमोचा परिणाम आधीच जाणून घ्या’ असं छापलेली पत्रकं पडून असतात, त्याला. ती उचलून टाका. आणि तपासणी लिहून देताना त्याच कागदावर एक ओळ लिहा: पॉझिटिव्ह आली तर काय करणार, निगेटिव्ह आली तर काय करणार. दोन्हीकडे तेच करणार असाल, तर त्या घरातलं सोनं तसंच राहू द्या.

आता दुसरा प्रश्न. माझं खरं भांडण इथे आहे.

फाइव्ह-एफयू हे औषध १९५७ सालचं. कॅपेसिटाबिनची गोळी पोटात गेल्यावर तेच होते. शरीरात गेलेल्या फाइव्ह-एफयूचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग यकृतातलं एकच एन्झाइम मोडतं: डीपीडी. ते कमी असेल तर औषध शरीरात साचतं. अजिबात नसेल तर ठरलेला पहिला डोसच जीव घेऊ शकतो. याचा धडा १९९३ मध्ये जपाननं दिला. नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं. आतड्यातले जिवाणू त्याचा जो पदार्थ बनवत, तो डीपीडीला कायमचा निकामी करी. फाइव्ह-एफयूच्या जातीची कर्करोगाची औषधं चालू असलेल्या रुग्णांना नागीण झाली, त्यांनी हे घेतलं, आणि १८ जण दगावले. औषधं तीच होती, डोस तोच होता, फक्त एक एन्झाइम बंद पडलं होतं.

काही माणसं हे एन्झाइम जन्मतःच कमी घेऊन येतात. ते बनवणाऱ्या डीपीवायडी या जनुकातले चार बदल नीट अभ्यासलेले आहेत. नेदरलँड्समध्ये १७ रुग्णालयांनी मिळून १,१०३ रुग्णांची आधी तपासणी केली, तेव्हा ८५ जणांत यांतला एखादा बदल सापडला. त्यांचा डोस सुरुवातीलाच कमी केला. सर्वांत घातक प्रकार असणाऱ्यांना यानं मोठं संरक्षण मिळालं. दोन प्रकारांत पंचवीस टक्के कपात अपुरी पडली, म्हणून आता चारही प्रकारांना सुरुवात निम्म्या डोसनं करायचा सल्ला आहे, सोसलं तर पुढे वाढवायचा. कमी डोसनं रोग मोकाट सुटेल ही भीती तुमच्यापैकी काहीजण बोलून दाखवतात. पण ज्याच्या शरीरात औषध निम्म्या वेगानं मोडतं, त्याला निम्मा डोस म्हणजे पूर्ण डोसच की. युरोपच्या औषध संस्थेनं ३० एप्रिल २०२० रोजी सांगितलं की ही औषधं सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी. इंग्लंडनं त्याच वर्षी ती सरकारी सेवेत आणली. फ्रान्समध्ये तर त्याआधीच सक्तीची झाली होती.

ही तपासणी का करत नाही, याला आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं: “पहिल्या डोसला बघतो, त्रास झाला तर कमी करतो.” हे उत्तर फाइव्ह-एफयू सलाइनमधून चालू असलेल्या आणि वॉर्डात पडून असलेल्या रुग्णापुरतं कसंबसं चालेल. कॅपेसिटाबिनला ते चालत नाही. गोळ्या चौदा दिवस घरी घ्यायच्या असतात, आणि ते घर जतच्या पलीकडे एखाद्या वाडीत असतं. सातव्या-आठव्या दिवशी तोंड येतं. घरात म्हणतात, उष्णता झाली. गुलकंद येतो, तूप लावतात, मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो. आपल्या बाजारातल्या पुष्कळ बी-कॉम्प्लेक्समध्ये फॉलिक अॅसिड असतं, आणि फोलेटनं फाइव्ह-एफयूचा जोर वाढतो. तुम्ही फोलफॉक्समध्ये लिउकोव्होरिन हे फोलेटच्याच जातीचं औषध मुद्दाम घालता ते याचसाठी. जुलाब लागतात, तर जुलाबाची गोळी. आणि रुग्ण कॅपेसिटाबिन सोडत नाही, कारण “कोर्स पुरा करायचा” हे त्याला बजावलेलं असतं. गरीब माणूस अशा बाबतीत फार प्रामाणिक असतो, पैसे मोजलेली गोळी तो वाया घालवत नाही. अकराव्या-बाराव्या दिवशी ताप येतो, तालुक्याला सीबीसी होते, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. माझ्या नात्यातल्या एक बाई याच वाटेनं गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांच्या फायलीत पेट स्कॅन होता, सीईए होता, महागडी सीटीडीएनए तपासणीही होती. डीपीवायडी नव्हती. त्यांना तो दोष होता की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि मी कोणावर ठपका ठेवत नाही. एक स्वस्तातली नळी कोणाच्या मनात आली नाही, एवढंच.

उतारा आहे, युरिडिन ट्रायअॅसिटेट, अमेरिकेत २०१५ साली मान्य झालेला. पण शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत तो पोटात जावा लागतो. वाडीतून तालुका, तालुक्यातून सांगली, या प्रवासातच ते तास संपतात.

दुसरं उत्तर मात्र वजनदार आहे, आणि ते मी टाळणार नाही. हे चार बदल युरोपीय रुग्णांमध्ये शोधलेले आहेत. आपल्या लोकांत त्यांचं प्रमाण वेगळं आहे, आपले स्वतःचे वेगळे बदलही आहेत. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी माणूस सुरक्षित आहे असं नाही. बरोबर. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टावर तुम्ही निश्चिंत होऊ नका, पण पॉझिटिव्ह आला तर तो तितकाच खरा आहे. फ्रान्समध्ये जनुकाऐवजी रक्तातलं युरॅसिल, म्हणजे डीपीडी एरवी मोडतं तो शरीरातला पदार्थ, मोजतात. ते एन्झाइमचं प्रत्यक्ष काम दाखवतं, त्यामुळे वंश कोणता याचा प्रश्न येत नाही. लॅबवाली म्हणून सांगते, आपल्याकडे ते जड जाईल. रक्त काढल्यावर नळी नुसती उबेला राहिली तरी पेशींमधून युरॅसिल वाढत जातं आणि आकडा खोटा फुगतो. सिंधुदुर्गातून एसटीनं येणाऱ्या नमुन्यावर ती तपासणी करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. डीएनएचं तसं नाही. साध्या ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीतलं रक्त थंड ठेवून दोन दिवसांनी पोचलं तरी जनुक बदलत नाही. मोठ्या केंद्रांत, जिथे रक्ताचे घटक वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज पावलावर आहे, तिथे युरॅसिल सुरू करा. बाकी ठिकाणी जनुक.

इरिनोटेकॅनचं थोडक्यात. यूजीटी१ए१ या जनुकाचं एन्झाइम इरिनोटेकॅन आणि बिलिरुबिन दोन्हींचा निचरा करतं. त्याचा *२८ प्रकार आई-वडील दोन्ही बाजूंनी आलेला असेल तर पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जाऊ शकतात. औषधाच्या अमेरिकन माहितीपत्रकात ही गोष्ट २००५ पासून आहे. यात तुम्हाला फुकटची खूणही मिळते: ‘याला लहानपणापासून मधूनमधून कावीळ दिसते, बाकी काही नाही’ असा माणूस, ज्याचं बिलिरुबिन दीड-दोन आणि बाकी लिव्हर फंक्शन निर्मळ. गिल्बर्ट सिंड्रोम. आपल्याकडे विरळा नाही. इरिनोटेकॅन लिहिण्याआधी जुने रिपोर्ट चाळलेत तरी यांतले पुष्कळजण सापडतील.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे दर ठरवणाऱ्यांनी हे पत्र वाचलं, तर त्यांनाही विनंती. केमोच्या पॅकेजचा दर डोसामागे, म्हणजे केमोच्या एकेका फेरीमागे, ठरतो. फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिनच्या पहिल्या डोसाच्या दरातच ही तपासणी धरा, म्हणजे ती रुग्णाच्या ऐपतीवर किंवा डॉक्टरांच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यानं देशभरातल्या केंद्रांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी करून दर खूप खाली आणले. तीच ताकद या तपासणीसाठी वापरली, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही ती परवडेल.

आणि तोवर, तुमच्यापैकी कोणीही उद्यापासून करू शकेल असं एक काम आहे, त्याला ना जीआर लागतो ना निधी. कॅपेसिटाबिनच्या चिठ्ठीबरोबर मराठीत छापलेला अर्धा कागद द्या: तोंड आलं, दिवसात चारच्या वर जुलाब झाले, ताप आला, तर गोळी त्याच क्षणी बंद करा, बी-कॉम्प्लेक्स विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि या नंबरवर फोन करा. नंबर असा द्या की रविवारी दुपारी कोणीतरी उचलेल. शिवाय पहिल्या डोसाआधी ईडीटीएची एक जास्तीची नळी काढून फ्रीजरमध्ये ठेवा. ज्यांना पहिल्याच डोसात जबर त्रास झाला, त्यांच्या नळ्या संमतीनं एकत्र करून पूर्ण जनुक वाचलं, तर आपल्या माणसांमधले बदल कोणते, हे दोन-तीन वर्षांत आपल्यालाच सांगता येईल. तपासायला, नोंदी ठेवायला मदतीचे हात हवे असतील तर माझ्यासारखे बरेच निवृत्त लॅबवाले मोकळे बसले आहेत. सांगा, येतो.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्नॉलॉजिस्ट, मिरज